कॉइंटेलप्रो

कॉइंटेलप्रो हे 'काउंटर इंटेलिजन्स प्रोग्रॅम' या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे. अमेरिकेच्या फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन (एफबीआय) या केंद्रीय तपास यंत्रणेने १९५६ ते १९७१ या काळात देशांतर्गत राजकीय संघटनांविरुद्ध राबवलेल्या गुप्त कारवाया या नावाने ओळखल्या जातात. नावात प्रतिहेरगिरीचा उल्लेख असला तरी परकीय हेरांचा शोध घेणे हा या कारवायांचा मुख्य हेतू नव्हता. ब्युरोला धोकादायक वाटणाऱ्या संघटनांमध्ये फूट पाडणे, त्यांच्या नेत्यांची बदनामी करणे आणि त्यांना निष्प्रभ करणे हा तो हेतू होता. साम्यवादी पक्ष, समाजवादी पक्ष, कू क्लक्स क्लॅन आणि युद्धविरोधी विद्यार्थी चळवळ यांच्याविरुद्धही हा कार्यक्रम राबवला गेला. तथापि कृष्णवर्णीयांच्या संघटनांविरुद्ध, विशेषतः ब्लॅक पँथर पार्टीविरुद्ध झालेल्या कारवाया त्यातील सर्वाधिक वादग्रस्त मानल्या जातात.

पार्श्वभूमी

कृष्णवर्णीय नेत्यांवर सरकारी यंत्रणेने पाळत ठेवण्याची पद्धत कॉइंटेलप्रोपेक्षा जुनी आहे. एफबीआयची पूर्वसूरी असलेल्या तपास संस्थेने १९१९ मध्ये मार्कस गार्वी यांच्या संघटनेत शिरकाव करण्यासाठी एका कृष्णवर्णीय अधिकाऱ्याची नेमणूक केली होती. गार्वी यांच्यावर खटला भरता येईल असे कारण शोधण्यात त्या काळी तरुण अधिकारी असलेले जे. एडगर हूवर यांनी पुढाकार घेतला होता. टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपावरून गार्वी १९२३ मध्ये दोषी ठरले आणि १९२७ मध्ये त्यांना देशाबाहेर पाठवण्यात आले. हूवर १९२४ मध्ये ब्युरोचे प्रमुख झाले आणि १९७२ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या पदावर राहिले.

साम्यवाद्यांवर उघडपणे खटले भरण्याच्या सरकारच्या अधिकारावर १९५० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे मर्यादा येऊ लागल्या. जे न्यायालयात साध्य होत नव्हते ते न्यायालयाबाहेर साध्य करण्यासाठी ब्युरोने ऑगस्ट १९५६ मध्ये साम्यवादी पक्षाविरुद्ध पहिला कॉइंटेलप्रो सुरू केला. त्यानंतर १९६१ मध्ये सोशलिस्ट वर्कर्स पार्टी, १९६४ मध्ये श्वेतवर्णीय द्वेषमूलक संघटना, १९६७ मध्ये कृष्णवर्णीय संघटना आणि १९६८ मध्ये 'न्यू लेफ्ट' म्हणून ओळखली जाणारी विद्यार्थी चळवळ यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आखले गेले.

१९६७ चा आदेश

न्यूअर्क आणि डेट्रॉइट शहरांत १९६७ च्या उन्हाळ्यात मोठ्या दंगली झाल्या. त्यानंतर २५ ऑगस्ट १९६७ रोजी ब्युरोच्या मुख्यालयातून २३ क्षेत्रीय कार्यालयांना एक आदेश पाठवण्यात आला. 'कृष्णवर्णीय राष्ट्रवादी व द्वेषमूलक' ठरवलेल्या संघटना उघड्या पाडणे, विस्कळीत करणे, भरकटवणे आणि त्यांची पत नष्ट करणे अशी कामे त्यात सोपवण्यात आली होती. या संघटनांमध्ये स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी, काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी, नेशन ऑफ इस्लाम आणि अहिंसेचा पुरस्कार करणारी, मार्टिन लूथर किंग यांची सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स यांचा समावेश होता. या कार्यक्रमात राष्ट्रवादी म्हणता येणार नाहीत, परंतु प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या आहेत अशाही अनेक संघटना होत्या, असे कार्यक्रमाच्या पर्यवेक्षकानेच पुढे सेनेटच्या समितीसमोर सांगितले.

४ मार्च १९६८ च्या दुसऱ्या आदेशाने हा कार्यक्रम ४१ कार्यालयांपर्यंत विस्तारला. त्यात पाच दीर्घकालीन उद्दिष्टे नमूद होती:

१. कृष्णवर्णीय संघटनांची एकजूट होऊ न देणे.
२. चळवळीला एकत्र आणून चेतवू शकेल अशा 'मसीहा'चा उदय रोखणे.
३. हिंसाचाराला प्रतिबंध करणे.
४. या संघटनांना व त्यांच्या नेत्यांना समाजात प्रतिष्ठा मिळू न देणे.
५. तरुणांमध्ये त्यांची वाढ रोखणे.

संभाव्य 'मसीहा' म्हणून किंग, स्टोकली कारमायकेल आणि इलायजा मुहम्मद यांची नावे आदेशात होती. माल्कम एक्स हे असे नेते ठरू शकले असते, असाही उल्लेख त्यात होता. त्यांची हत्या फेब्रुवारी १९६५ मध्येच झाली होती. पाच उद्दिष्टांपैकी केवळ तिसरेच गुन्हेगारी प्रतिबंधाशी निगडित होते. उरलेली चार संघटन, नेतृत्व, प्रतिष्ठा आणि प्रसार या कायदेशीर राजकीय बाबींविषयी होती.

कार्यपद्धती

क्षेत्रीय कार्यालयाने प्रस्ताव पाठवायचा आणि मुख्यालयाने त्याला मंजुरी द्यायची, अशी या कार्यक्रमाची रचना होती. पाचही कार्यक्रमांत मिळून ३,२४७ प्रस्ताव आले व त्यांपैकी २,३७० कारवाया मंजूर झाल्या. कृष्णवर्णीय संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या ब्लॅक पँथर पार्टीविरुद्ध होत्या. प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे होत्या:

निनावी व बनावट पत्रे: सहकाऱ्यांमध्ये, पतीपत्नींमध्ये किंवा दोन संघटनांमध्ये संशय निर्माण करणारी पत्रे खोट्या नावाने पाठवली जात.

खबऱ्याचा शिक्का: प्रामाणिक कार्यकर्ता पोलिसांचा खबऱ्या असल्याची अफवा पसरवली जाई. कारमायकेल हे केंद्रीय गुप्तचर संस्थेचे (सीआयए) हस्तक असल्याचा समज निर्माण करण्याचा प्रयत्न याच प्रकारातला होता.

वृत्तपत्रांचा वापर: ब्युरोशी सलगी असलेल्या पत्रकारांना प्रतिकूल माहिती पुरवली जाई. ब्लॅक पँथर पार्टीला आर्थिक मदत करणाऱ्या अभिनेत्री जीन सीबर्ग यांच्या गर्भारपणाविषयी १९७० मध्ये खोटी बातमी पेरण्याच्या प्रस्तावाला मुख्यालयाने मंजुरी दिली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९७९ मध्ये एफबीआयने हे मान्य केले.

उपजीविकेवर दबाव: नोकरी देणारे, घरमालक, देणगीदार आणि धर्मसंस्था यांच्याशी संपर्क साधून कार्यकर्त्यांचा आधार तोडला जाई.

खबऱ्यांचे जाळे: कृष्णवर्णीय वस्त्यांमधून माहिती मिळवण्यासाठी १९६७ मध्ये स्वतंत्र योजना सुरू झाली. १९७२ पर्यंत या योजनेतील खबऱ्यांची संख्या ७,००० हून अधिक झाली होती.

मार्टिन लूथर किंग यांच्याविरुद्धची मोहीम

किंग यांच्याविरुद्धच्या कारवाया १९६७ च्या आदेशापूर्वीच सुरू झाल्या होत्या. त्यांच्या एका सल्लागाराच्या साम्यवादी संबंधांचे कारण पुढे करून ब्युरोने दूरध्वनी टॅप करण्याची परवानगी मागितली आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी ती दिली. जानेवारी १९६४ पासून किंग उतरत असलेल्या हॉटेलांच्या खोल्यांत ध्वनिग्राहक यंत्रे बसवण्यात आली. त्यातून मिळालेली खासगी आयुष्याविषयीची माहिती सरकारी अधिकारी, पत्रकार आणि धर्मगुरू यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे प्रयत्न झाले.

किंग यांना नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाल्यानंतर नोव्हेंबर १९६४ मध्ये त्यांना एक निनावी पत्र व ध्वनिफीत पाठवण्यात आली. ३४ दिवसांची मुदत देऊन त्यांच्यापुढे आता एकच मार्ग उरला आहे, असे त्यात सुचवले होते. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ आत्महत्येची सूचना असाच लावला. हे पाकीट जानेवारी १९६५ मध्ये त्यांच्या पत्नी कोरेटा यांच्या हाती पडले. टेहळणीतून तयार झालेल्या ध्वनिफिती १९७७ च्या न्यायालयीन आदेशाने राष्ट्रीय अभिलेखागारात ५० वर्षांसाठी मोहोरबंद ठेवण्यात आल्या.

ब्लॅक पँथर पार्टीविरुद्धच्या कारवाया

ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ब्लॅक पँथर पार्टीची स्थापना केली. शस्त्रे बाळगून पोलिसांच्या वर्तनावर नजर ठेवणारी ही संघटना मोफत न्याहारी आणि आरोग्यसेवाही चालवीत असे. हूवर यांनी १९६८ मध्ये देशाच्या अंतर्गत सुरक्षेला असलेला सर्वांत मोठा धोका असे तिचे वर्णन केले.

पार्टीच्या समाजोपयोगी कामांमुळे तिला मिळणारी सहानुभूती ब्युरोला विशेष खटकत होती. सॅन डिएगो येथील एका धर्मगुरूने मुलांच्या न्याहारीसाठी चर्चची जागा दिली, तेव्हा ब्युरोच्या लोकांनी तेथील भाविक असल्याचे भासवून बिशपकडे तक्रारी केल्या. त्यानंतर त्या धर्मगुरूची बदली झाली.

दक्षिण कॅलिफोर्नियात पार्टी आणि 'यूएस' ही दुसरी कृष्णवर्णीय संघटना यांच्यात वैमनस्य होते. त्याचा पुरेपूर लाभ घेण्याच्या सूचना मुख्यालयाने नोव्हेंबर १९६८ मध्ये दिल्या. १७ जानेवारी १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या आवारात पार्टीचे ॲलप्रेंटिस 'बंची' कार्टर आणि जॉन हगिन्स यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतरही ब्युरोने दोन्ही गटांना डिवचणारी व्यंगचित्रे वाटली. वस्तीतील गोळीबार, मारहाण आणि अशांतता यांचे बरेचसे श्रेय आपल्या कार्यक्रमाला जाते, असे सॅन डिएगो कार्यालयाने त्याच वर्षी मुख्यालयाला कळवले. सेनेटच्या समितीने एकेका घटनेचा थेट संबंध ब्युरोशी जोडता येत नसल्याचे नमूद केले. मात्र वादाचे हिंसक स्वरूप ठाऊक असूनही ब्युरोने तो वाढवण्याचा प्रयत्न केला, असा निष्कर्ष तिने काढला.

शिकागोमध्ये जानेवारी १९६९ मध्ये ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीचे प्रमुख जेफ फोर्ट यांना उद्देशून एक निनावी पत्र मंजूर झाले. पँथर त्यांच्या जिवावर उठले आहेत, असे त्यात सूचित केले होते. पुढे न्यूटन आणि अल्जिअर्स येथे आश्रय घेतलेले एल्ड्रिज क्लीव्हर यांच्यातील मतभेदही बनावट पत्रांद्वारे वाढवण्यात आले. १९७१ मध्ये या दोघांत उघड फूट पडली.

फ्रेड हॅम्प्टन यांचा मृत्यू

इलिनॉय शाखेचे २१ वर्षीय नेते फ्रेड हॅम्प्टन यांनी शिकागोतील कृष्णवर्णीय, पोर्टोरिकन आणि गरीब श्वेतवर्णीय तरुणांच्या गटांना 'रेनबो कोअलिशन' या आघाडीत एकत्र आणले होते. त्यांच्या शाखेचा सुरक्षा प्रमुख विल्यम ओनील हा एफबीआयचा खबऱ्या होता. त्याने दिलेल्या माहितीवरून हॅम्प्टन यांच्या घराचा आराखडा तयार झाला, त्यात त्यांच्या झोपण्याची जागाही दाखवली होती. हा आराखडा स्थानिक सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडे पोहोचला. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे त्या कार्यालयाशी संलग्न पोलिसांनी घरावर छापा घातला. त्यात हॅम्प्टन व मार्क क्लार्क मारले गेले. चकमक झाल्याचा दावा पोलिसांनी केला. मात्र संघराज्य ग्रँड ज्युरीच्या तपासात पोलिसांकडून किमान ८२ गोळ्या झाडल्या गेल्याचे, तर घरातील लोकांकडून फक्त एकच गोळी सुटल्याचे आढळले. छाप्यानंतर ओनीलला ३०० डॉलरचे बक्षीस देण्यात आले. दीर्घ दिवाणी खटल्यानंतर १९८२ मध्ये संघराज्य सरकार, कुक काउंटी आणि शिकागो शहर यांनी मिळून १८.५ लाख डॉलरची भरपाई मान्य केली.

कार्यक्रम उघडकीस येणे

कॉइंटेलप्रो सुमारे पंधरा वर्षे जनतेपासून लपून राहिला. ८ मार्च १९७१ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावातील एफबीआयचे छोटे कार्यालय फोडून आठ नागरिकांनी तेथील कागदपत्रे पळवली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डेव्हिडन यांनी आखलेल्या या कृतीसाठी मुहम्मद अली व जो फ्रेझर यांच्या मुष्टियुद्धाची रात्र निवडली होती. या गटाने प्रती काढून त्या वृत्तपत्रांना पाठवल्या. सरकारने प्रसिद्धी रोखण्याचा आग्रह धरला असतानाही वॉशिंग्टन पोस्टने त्यांवर आधारित वृत्त छापले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनांवर सरसकट पाळत ठेवली जात असल्याचे त्यातून दिसून आले. त्याच कागदपत्रांतील एका चिठ्ठीवर 'कॉइंटेलप्रो' हा शब्द होता.

हूवर यांनी एप्रिल १९७१ मध्ये कार्यक्रम अधिकृतपणे बंद केला. त्या अनोळखी शब्दाचा पाठपुरावा दूरचित्रवाणी पत्रकार कार्ल स्टर्न यांनी माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली केला. न्यायालयीन लढ्यानंतर डिसेंबर १९७३ मध्ये पहिली कागदपत्रे त्यांच्या हाती आली. मीडिया येथील कागदपत्रे पळवणारे मात्र कधीच पकडले गेले नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांची ओळख जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झाली.

चर्च समिती आणि सुधारणा

आयडाहोचे सेनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील सेनेट समितीने १९७५–७६ मध्ये गुप्तचर यंत्रणांची चौकशी केली. सर्व लक्ष्ये हिंसक कृत्यांत गुंतलेली असती, तरीही यातील अनेक पद्धती लोकशाही समाजात असह्य ठरल्या असत्या, असे मत समितीने नोंदवले. विचार आणि संघटनेच्या स्वातंत्र्याच्या वापराला आळा घालणे हे या कार्यक्रमाचे उद्दिष्ट असल्याचेही तिने म्हटले.

ॲटर्नी जनरल एडवर्ड लेव्ही यांनी १९७६ मध्ये देशांतर्गत तपासासाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्याच वर्षी एफबीआय संचालकाची मुदत दहा वर्षांपुरती मर्यादित झाली आणि सेनेटची स्थायी गुप्तचर समिती स्थापन झाली. परकीय हस्तकांच्या टेहळणीसाठी न्यायालयीन परवानगी आवश्यक करणारा कायदा १९७८ मध्ये झाला.

परिणाम आणि मूल्यमापन

काही प्रकरणांचा निकाल लागण्यास अनेक दशके गेली. पँथर नेते जेरोनिमो प्रॅट यांची १९७२ मधील खुनाबद्दलची शिक्षा १९९७ मध्ये रद्द झाली. त्यांच्याविरुद्धचा प्रमुख साक्षीदार खबऱ्या होता, ही बाब ज्युरीपासून लपवण्यात आली होती. तोपर्यंत त्यांची २७ वर्षे तुरुंगात गेली होती. माल्कम एक्स यांच्या हत्येसाठी दोषी ठरवलेल्या दोघांना २०२१ मध्ये निर्दोष घोषित करण्यात आले. त्यांच्या बाजूचा पुरावा एफबीआय व न्यूयॉर्क पोलिसांनी दडवल्याचे फेरतपासात आढळले होते. या दोघांपैकी एक २००९ मध्येच मरण पावला होता.

ब्लॅक पँथर पार्टीच्या ऱ्हासाला या कारवाया कितपत कारणीभूत होत्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पार्टीतील हिंसा, नेतृत्वातील संघर्ष आणि तुरुंगवास हीही कारणे सांगितली जातात. परंतु अंतर्गत दुही आणि बाहेरून पेरलेला संशय यांतील सीमारेषा पुसणे हाच कार्यक्रमाचा गाभा होता. त्यामुळे ही कारणे एकमेकांपासून वेगळी करणे अवघड आहे. एफबीआयच्या म्हणण्यानुसार हा कार्यक्रम मर्यादित असून त्या काळातील एकूण कामाच्या सुमारे ०.२ टक्के इतकाच होता. तथापि त्यावरील टीका योग्य होती, हे ब्युरोने मान्य केले आहे.

ब्लॅक पँथर पार्टीपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना स्थापन झाली. हॅम्प्टन आणि ओनील यांच्यावर आधारित 'जुडास अँड द ब्लॅक मसाया' हा चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या शीर्षकातील 'मसाया' म्हणजेच १९६८ च्या आदेशातील 'मसीहा' होय.