दारव्हा, आर्णी, दिग्रस : लिनक्सवरील मराठी निवडीचा इतिहास

लिनक्सकडे नव्याने वळणाऱ्याने रोजच्या कामासाठी कोणती सॉफ्टवेअरे निवडावीत, या प्रश्नाला ठरावीक याद्यांनी उत्तर देण्याची प्रथा आहे. त्या याद्या बहुतांशी इंग्रजीत लिहिणाऱ्याला समोर ठेवून झाल्या. मराठीत लिहिणाऱ्यासाठी या निवडीचा इतिहास निराळा आहे, आणि तो समजून घ्यायला यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्यांची नावे पुरेशी आहेत, असे आम्हांस वाटते.

'यवतमाळ', 'वणी', 'राळेगाव' ही नावे सोपी. अक्षरे एकापुढे एक मांडली की झाले. 'आर्णी'त मात्र रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढायला हवा, 'दारव्हा'त 'व' अर्धा व्हायला हवा, आणि 'दिग्रस'मध्ये 'द'नंतर टंकलेली वेलांटी 'द'च्या आधी उमटायला हवी. युनिकोडने १९९१ साली देवनागरी अक्षरांना संकेतांक दिले. पण त्यांतून जोडाक्षर रचण्याचे काम त्या त्या सॉफ्टवेअरवर सोडलेले होते.

लिनक्सवर हे काम पँगो या आज्ञावलीने अंगावर घेतले. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, असे तिचे नाव. २००२ सालच्या ग्नोम २.० मध्ये ती आली, आणि २००४ सालच्या गिंप २.० मधील मजकुराचे साधनही तिच्यावर उभे राहिले. त्याच वर्षी रेड हॅटने लोहित हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. फायरफॉक्सची गोष्ट मात्र चमत्कारिक होती. मोझिलाने लिनक्ससाठी दिलेल्या मूळ प्रतीत २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरी मोडून दिसे. काही लिनक्स वितरणांनी पँगो जोडून बांधलेल्या प्रतीत ती नीट दिसे. नाव एकच, परंतु 'दारव्हा' एका प्रतीत शाबूत आणि दुसरीत तुटलेला. नवख्याला नुसते 'फायरफॉक्स घ्या' असे सांगणे त्या काळी अपुरे होते.

सर्वांत अधिक खोळंबा छपाईच्या कामाचा झाला. पृष्ठमांडणीसाठी सुचवल्या जाणाऱ्या स्क्रायबसमध्ये भारतीय लिप्यांची रचना करणारी यंत्रणा २०१७ सालच्या १.५.३ या चाचणी आवृत्तीत आली. तोपर्यंत लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंक जुळवणाऱ्याला लिनक्स सुचवण्यात फारसा अर्थ नव्हता. शिवाय त्याची जुनी कामे विशिष्ट फॉन्टच्या खासगी संकेतांत साठवलेली असत. फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उरे. अशा मनुष्याने आधी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मग सॉफ्टवेअर निवडावे, हाच क्रम आम्हांस योग्य वाटतो.

आज लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गिंप, इंकस्केप यांत तालुक्यांची ही सारी नावे नीट उमटतात. तरीही कसोटी संपलेली नाही. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एक लिहिला तर दुसरा सापडेलच असे नाही. म्हणून नव्या वापरणाऱ्यास आमची सूचना अशी : सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, त्यात आपल्या गावाचे नाव लिहा, २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपात ते जतन करा, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडा आणि तेथे ते नाव शोधून पाहा. ते सापडले, तर निवड बरोबर.