गंडसमुद्राच्या काठचे तीन देव

बिशपांना अधिकारचिन्हे कोणी द्यावीत, सम्राटाने की पोपने, या वादातून 1111 मध्ये सम्राट पाचव्या हेन्रीने पोप दुसऱ्या पास्कलला कैद केले, त्याच्या आदल्याच वर्षीचा, म्हणजे शके 1032 चा, शिलाहार राजा गंडरादित्य याचा एक ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र, उपलब्ध आहे. मिरजेभोवतालच्या मुलखाला तेव्हा मिरिंज देश म्हणत; त्यातील इरुकुडी गावी राजाने गंडसमुद्र नावाचे तळे बांधून त्याच्या काठी ईश्वर (शिव), बुद्ध आणि अर्हत (जिन) अशा तिघांची स्थापना केली आणि प्रत्येकाच्या खर्चासाठी जमीन तोडून दिली, असे त्यात नोंदले आहे.

कोल्हापूरचे हे शिलाहार कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असले, तरी आपल्या मुलखात बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वागत. याच घराण्यातील कऱ्हाडच्या राजकन्येचा, चंद्रलेखेचा, चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याशी झालेला विवाह कवी बिल्हणाने आपल्या काव्यात रंगवला आहे. महालक्ष्मीच्या वरप्रसादाचे बिरुद मिरवणाऱ्या राजाने बुद्धाला आणि जिनालाही जमीन द्यावी, याला आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभाव म्हणणे घाईचे ठरेल. राजाचा प्रबळ सामंत निंबदेव जैन होता, त्याने उभारलेल्या बसदीला, म्हणजे जैन मंदिराला, 1135 मध्ये अय्यावोळे येथील पाचशे स्वामींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यापारी संघाने आपल्या मालावरील कराचा वाटा लावून दिला. अशा सामंतांना आणि सावकारांना दुखावून कोणत्याही मांडलिकाचे राज्य चालले नसते. शिवाय युरोपात एकच चर्च अफाट जमिनीचे धनी होते आणि त्याचा प्रमुख सम्राटाला बहिष्कृत करू शकत होता, तर येथे शैव मठ, जैन बसदी आणि उतरणीला लागलेले बौद्ध विहार यांच्यावर एकच धर्मगुरू नव्हता, आणि दानासाठी ते सारेच राजाकडे पाहत. हेन्रीला 1122 मध्ये वर्म्स येथे पोपशी तह करावा लागला. गंडरादित्यावर तशी वेळ येण्याचे कारणच नव्हते.

ही दाने केवळ पत्र्यावर राहिली नाहीत. गंडरादित्याने आजरे येथे बांधलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात, त्याचा नातू दुसरा भोज राज्य करीत असताना, 1205 मध्ये सोमदेव या जैन पंडिताने शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ लिहिला, आणि त्यानंतर काही वर्षांतच देवगिरीच्या सिंघण यादवाने भोजाचे राज्य जिंकून घेतले.