एक सूत बोअर
वडापचा, म्हणजे खेपेवर प्रवासी भरून नेण्याचा धंदा जीपनं उभा केला असं सगळे म्हणतात. मी डिझेल मिस्त्री, तेव्हा माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तो धंदा उभा केला ट्रॅक्टरच्या इंजिनानं.

मुंबईत महिंद्रांकडे जोडणी होऊन यायच्या त्या जुन्या विलीज जीपगाड्या पेट्रोलच्या. ‘हरिकेन’ इंजिन, २,१९९ सीसी, मिनिटाला चार हजार फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती. पळायला झकास, प्यायलाही तशीच. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलची जीप पोसणं सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेर गेलं. मग पेट्रोल इंजिन उतरवून मिळेल ते डिझेल बसवायची कामं गॅरेजोगॅरेजी सुरू झाली. फौंडेशन कापा, नवं वेल्डिंग मारा, रेडिएटर पुढं सरकवा.

महिंद्रांच्या घरात डिझेल होतंच. कांदिवलीला इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं बी-२७५ ट्रॅक्टर बनत होता, आणि तो बनवणारी तिथली कंपनी १९७७ साली महिंद्रात विलीन झाली. त्या ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास काम करणारं, पस्तीसेक अश्वशक्तीचं. तेच कूळ जीपमध्ये आलं. सपाटीला रडायचं, पण घाटात पंधरा माणसं आणि टपावर पोती घेऊन दुसऱ्या गिअरला न कुरकुरता चढायचं.

१९७९ साली फ्रान्सच्या प्युजोच्या एक्सडीपी इंजिनाचा परवाना आला. २,११२ सीसी, जातीचं मोटारगाडीचं. एमएम ५४० मध्ये हेच. आवाज कमी, पळ जास्त, यात वाद नाही. पण त्याचं डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणून थंडीत हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचं. एखादा प्लग गेला की पहाटेची पहिली खेप धक्क्यावर. ट्रॅक्टरच्या कुळातल्या डीआयला, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनला, ती भानगड नाही. नोझल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत फवारा मारतं. म्हणून गाडी घेताना गिऱ्हाईक पहिलं विचारायचं, डीपी की डीआय? पी म्हणजे प्युजो.

आता गंमत बघा. बोलेरो डीआयचं इंजिन २,५२३ सीसीचं. कागदावर बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. असले विचित्र आकडे कोण ठरवेल? इंचाची पट्टी लावा: साडेतीन आणि चार, नेमके. बी-२७५चा स्ट्रोकही चार इंच, बोअर फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाचा बोअर एक सूत मोठा केला, की हेच माप. इंटरनॅशनलनं स्वतःच्याच पुढच्या ट्रॅक्टरसाठी ते तसं वाढवलं होतं.

प्युजो वाईट नव्हतं. पण हेड तापलं, गॅस्केट गेली, की गाडी ओढत तालुक्याला न्यावी लागायची. डीआयनं एअर धरली, तर ड्रायव्हर रस्त्यातच नट सैल करून, हातपंप मारून एअर काढायचा आणि खेप पुरी करायचा. वडापवाल्याला पळ नको होती, खेप हवी होती.