पहाटेची साखर येते कुठून

सकाळच्या चहाआधी बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि मीटरवर उमटलेला आकडा वहीत लिहायचा, हा टाइप टू मधुमेह असलेल्या असंख्य घरांचा आता नित्यक्रम झाला आहे. आकडा १४८ आला की घरात पहिला प्रश्न रात्रीच्या जेवणाचा निघतो. भात जास्त झाला का? लग्नात जिलबी घेतली होती का? पेशंट स्वतःला दोष देतो, घरचे त्याला दुजोरा देतात आणि त्या रात्री ताटातली एक पोळी कमी होते. पण हा आकडा आपल्यापर्यंत कसा आला ते पाहिलं, तर या दोषारोपाला फारसा आधार उरत नाही. अनशापोटी साखर मोजण्याची पद्धत रुजली तीच मुळी जेवणाचा परिणाम मापातून बाजूला राहावा म्हणून. आठ-दहा तासांच्या उपासानंतर रक्तात जी साखर सापडते ती मुख्यतः यकृताने रात्रभर तयार करून सोडलेली असते. ही गोष्ट विज्ञानाला १८४८ पासून माहीत आहे. ती पेशंटच्या वहीपर्यंत पोचली नाही, आणि त्याची कारणं मोजमापाच्या इतिहासातच सापडतात.

लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये मधुमेही रुग्णाची लघवी आटवून तिच्यातून साखरेसारखा पदार्थ काढून दाखवला. रुग्णाच्या रक्तातलं पाणीही गोड लागतं, अशी नोंदही त्यांनी केली. तरीही त्यानंतरची बरीच वर्षं वैद्यकाचा समज असा होता की प्राण्याच्या शरीरात साखर येते ती केवळ अन्नातून. साखर तयार करतात त्या वनस्पती, प्राणी ती फक्त खर्च करतात. पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनी हा समज मोडला. नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात त्यांना साखर सापडली, आणि अन्नात तर ती नव्हती. पुढे १८५५ मध्ये त्यांनी एक यकृत शरीरातून काढून, साखरेचा अंशही न उरेपर्यंत पाण्याच्या धारेखाली धुतलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर त्यात पुन्हा साखर होती. यकृताने ती स्वतःच्या साठ्यातून केली होती, आणि १८५७ मध्ये बर्नार यांनी तो साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा काढून दाखवला. माझ्या मते अनशापोटीच्या साखरेचा खरा इतिहास या धुतलेल्या यकृतापासून सुरू होतो. उपाशी माणसाच्या रक्तात साखर का असते, या प्रश्नाला तिथे पहिल्यांदा उत्तर मिळालं. मेंदूला रात्रीही ग्लुकोज लागतं, म्हणून यकृत ते पुरवत राहतं. साधारण सत्तर किलोच्या माणसात तासाला आठ-दहा ग्रॅम. इन्सुलिन या पुरवठ्याला आवर घालतं. टाइप टू मधुमेहात यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, आवर सैल पडतो आणि रक्तातली साखर रिकाम्या पोटीही चढलेली राहते.

हे ज्ञान हाती असूनही घरच्या तपासणीत ते दिसणं शक्य नव्हतं, कारण घरी मोजता येत होती ती लघवीतली साखर. स्टॅन्ली बेनेडिक्ट यांचं निळं द्रावण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलं. परीक्षानळीत थोडं द्रावण घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, उकळायचं आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि विटकरी या चढत्या पायऱ्या. पण मूत्रपिंडं रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमपर्यंत अडवून धरतात. म्हणजे सकाळी १५० साखर असलेल्या माणसाची नळी निळीच राहायची आणि सगळं ठीक आहे असं वाटायचं. शिवाय पहाटेची पहिली लघवी रात्रभर साठलेली, त्यामुळे ती त्या क्षणाबद्दल काहीच सांगत नसे. म्हणून डॉक्टर सांगत की आधी मूत्राशय रिकामं करा, अर्ध्या तासाने पुन्हा लघवी करा आणि ती तपासा. त्या काळात रंग पालटायचा तो बहुधा भरपेट जेवणानंतर. दोन-तीन पिढ्यांनी परीक्षानळीत जे पाहिलं त्यातून ‘खाल्लं की चढली’ हे समीकरण पक्कं झालं, आणि त्या तपासणीपुरतं ते बरोबरही होतं. पुढे मोजण्याची वस्तू बदलली, वेळही बदलली. आकड्याचा अर्थ लावण्याची रीत मात्र तीच राहिली.

रक्तातली साखर मोजणं सुरुवातीला इतकं रक्त मागायचं की ते वारंवार करणं शक्य नव्हतं. स्वीडनच्या लुंडमध्ये इवार बांग यांनी काही थेंबांवर भागणारी पद्धत १९१३ मध्ये मांडली, आणि १९१९-२० च्या सुमारास फोलिन आणि वू यांची पद्धत आल्यावर ही तपासणी इस्पितळांच्या प्रयोगशाळांत रोजची झाली. एकाच माणसाची दिवसभरात अनेकदा तपासणी करता येऊ लागली, तेव्हा निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर चढते आणि उतरते हे स्पष्ट झालं. मग दोन माणसांची, किंवा एकाच माणसाची दोन दिवसांची, तुलना करायची कशी? त्यासाठी शरीर ज्या वेळी सर्वांत स्थिर असतं ती वेळ निवडावी लागली, आणि ती होती रात्रीच्या उपासानंतरची सकाळ. जुन्या अहवालांवर छापलेली ८० ते १२० ही मर्यादा याच काळातली. फोलिन-वू पद्धत ग्लुकोजसोबत रक्तातले आणखी काही पदार्थही मोजायची, म्हणून तिचे आकडे खऱ्यापेक्षा वर जायचे. केवळ ग्लुकोज ओळखणारी विकरं वापरात आल्यावर निरोगी माणसाची मर्यादा खाली सरकली. कित्येकांना आपल्या वडिलांच्या काळचं ‘नॉर्मल’ आज जास्त का ठरतं याचा उलगडा होत नाही. त्यामागे बव्हंशी रसायनातला हा बदल आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ही वेळ सोयीसाठी निवडली असेल, तर तिला निदानात एवढा मान का? सोयीचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने १९७९ मध्ये अनशापोटी १४० आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० या सीमा ठरवल्या. पुढे लक्षात आलं की दोन्ही सीमा एकाच तोलाच्या नाहीत. दोन तासांच्या तपासणीत मधुमेही ठरणारे अनेक जण सकाळच्या तपासणीत सुटत होते. १९९७ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या समितीने सकाळची सीमा १२६ वर आणली. अ‍ॅरिझोनातल्या पिमा आदिवासींत, इजिप्तमध्ये आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत डोळ्यांच्या पडद्यावरचे दोष कोणत्या आकड्यापासून वाढतात, हा पुरावा तिच्यापुढे होता. त्याच समितीने रोजच्या व्यवहारासाठी अनशापोटीची तपासणी पुरस्कारली ती स्वस्त, सोपी आणि पुन्हा केली तर बऱ्यापैकी जुळणारी म्हणून. दोनच वर्षांनी युरोपातल्या ‘डीकोड’ अभ्यासाने दाखवलं की मृत्यूचा धोका ओळखण्यात दोन तासांची साखर सरस आहे आणि सकाळच्या आकड्यावर विसंबलं तर धोक्यातली बरीच माणसं निसटतात. भारतात तर उपाशीपोटी येणं हीच अट अनेकांना जड जाते. दुरून, बस पकडून दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बाईला उपाशी राहा म्हणणं व्यवहार्य नाही, हे ओळखून चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी जेवण झालेलं असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहण्याची पद्धत रुजवली, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गरोदरपणातल्या मधुमेहासाठी ती स्वीकारली. तेव्हा मधुमेह आहे की नाही हे ठरवायला सकाळचा एकटा आकडा अपुरा पडू शकतो, हा आक्षेप मी मानतो. पण आजार ओळखणं आणि उपचाराची दिशा ठरवणं ही दोन निराळी कामं आहेत.

दुसऱ्या कामातलं त्याचं मोल इंग्लंडमध्ये सिद्ध झालं. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये सुरू झालेल्या यूकेपीडीएस अभ्यासात टाइप टू मधुमेहाचं नुकतंच निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक लोकांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. काटेकोर उपचाराच्या गटात उद्दिष्ट होतं अनशापोटीची साखर १०८ च्या खाली ठेवण्याचं. ते सगळ्यांना साधलं नाही. वर्षांगणिक आकडे दोन्ही गटांत चढत गेले. तरीही १९९८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा डोळे, मूत्रपिंडं अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांत या गटात एक चतुर्थांश घट होती. सोय म्हणून निवडलेल्या वेळेला सुकाणू करून उपचार केले आणि त्यातून माणसांची नजर वाचली, हा पुरावा कुठल्याही समितीच्या ठरावापेक्षा मला मोठा वाटतो.

घरी रक्त तपासण्याची सवय आली ती मात्र वेगळ्या वाटेने. एम्स कंपनीची डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टी १९६५ ची. रक्ताचा थेंब मिनिटभर ठेवायचा, पाण्याने धुवायचा आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. रंग वाचणारं त्यांचं यंत्र १९७० च्या सुमारास आलं. किलोभराहून जड, महाग, आणि फक्त डॉक्टरांना विकलं जाणारं. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले अभियंता रिचर्ड बर्नस्टीन यांनी ते डॉक्टर पत्नीच्या नावावर मागवलं, दिवसातून अनेकदा साखर मोजली आणि त्यानुसार डोस बदलला. १९७८ मध्ये लंडन आणि नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी पेशंट घरी हे विश्वासाने करू शकतात असं दाखवलं. हे सारे इन्सुलिन घेणारे होते. आकडा पाहून लगेच काहीतरी बदलण्याची मुभा त्यांच्या हातात होती. मीटर लहान आणि स्वस्त झाल्यावर तीच सवय गोळ्या घेणाऱ्या टाइप टू पेशंटांकडे गेली, पण ती मुभा तिच्यासोबत गेली नाही. त्यांच्या हाती उरला नुसता आकडा आणि त्याचा जुना, जेवणाशी जोडलेला अर्थ.

म्हणूनच इन्सुलिन न घेणाऱ्यांना घरच्या तपासणीचा लाभ नाही, असं म्हणणाऱ्या संशोधनाचं मला नवल वाटत नाही. २००७ मधला ब्रिटिश ‘डायजेम’ अभ्यास आणि २०१७ मधला नॉर्थ कॅरोलायनातला अभ्यास, दोन्हींत मीटर वापरणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी फारशी सुधारली नाही. उत्तर आयर्लंडच्या एका अभ्यासात तर त्यांच्यात उदासी थोडी अधिक दिसली. याच्या शेजारी २००३ चा ‘ट्रीट टू टार्गेट’ अभ्यास ठेवून पाहावा. तिथेही टाइप टू पेशंटच सकाळी बोट टोचत होते, पण आकड्यामागे नियम होता: दोन दिवसांची सरासरी काढायची, त्यावरून आठवड्याला रात्रीच्या इन्सुलिनचा डोस वाढवायचा, उद्दिष्ट १००. निम्म्याहून अधिक लोकांची एचबीएवनसी सातपर्यंत उतरली. एका बाजूला इन्सुलिन आणि दुसऱ्या बाजूला गोळ्या, म्हणून ही तुलना तंतोतंत नाही. तरी एवढं दिसतं की सकाळच्या मापाला पुढची कृती जोडलेली असली की ते कामी येतं.

मग एचबीएवनसी आणि दंडावर चिकटवायचा सेन्सर असताना हे माप जपायचं कशाला? तीन महिन्यांच्या सरासरीत रात्रीचा आणि दिवसाचा हिस्सा वेगळा दिसत नाही, आणि सेन्सर रोज परवडणारी घरं आपल्याकडे थोडी आहेत. शिवाय सेन्सरने बर्नार यांच्याच म्हणण्याला दुजोरा दिला आहे. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोनसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत जास्त साखर सोडतं, आणि झोपेत, तोंडात कण न घालता, आलेख चढताना दिसतो. रात्रीच्या अतिजेवणाचा सकाळवर काहीच परिणाम नसतो असं नाही. पण जेवण टाळूनही आकडा हलत नाही तेव्हा तिथे पेशंटचा गुन्हा शोधणं चुकीचं आहे. डॉक्टरांनी औषध, त्याची वेळ आणि मात्रा पाहायला हवी. यकृताचं साखर सोडणं कमी करणारं मेटफॉर्मिन जाँ स्टर्न यांनी पॅरिसमध्ये १९५७ पासून वापरात आणलं, तेही याच पेचावर. आणि घरच्या मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात शंभराच्या वरच्या आकड्यांना दोन्ही बाजूंनी १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. खरी साखर १३० असेल तर मीटर एका सकाळी ११५ दाखवील, दुसऱ्या सकाळी १४५. डॉक्टरांपुढे जी वही जायची तिच्यात आठवडाभराचे आकडे ओळीने लिहिलेले असावेत, आणि आदल्या रात्री किती पोळ्या खाल्ल्या याच्याइतकीच कोणती गोळी किती वाजता घेतली याची नोंद त्यांच्याशेजारी असावी.