डुलत्या होडीचा जमाखर्च

जगात दोन गोष्टी कधी स्थिर नसतात : एक समुद्र आणि दुसरी बचत खात्यातली शिल्लक. दुसरीवर मी गेली बावीस वर्षे पोट भरतो आहे. पहिलीवर लिहिण्याचा मला तसा अधिकार नाही. आमच्या बी.कॉम.ला समुद्र होता तो फक्त सागरी विम्याच्या प्रकरणात, आणि तिथेही जहाज पहिल्याच ओळीत बुडालेले असे. तरीपण हलत्या होडीवरून दूरची वस्तू स्थिर कशी पाहावी, या प्रश्नाचा इतिहास वाचल्यापासून माझे ठाम मत झाले आहे, की हा प्रश्न खलाशांचा नव्हेच. तो मुळात कारकुनाचा आहे.

१६०८ साली हॉलंडमधल्या हान्स लिपरशे नावाच्या चष्मेवाल्याने दुर्बिणीच्या पेटंटसाठी सरकारकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. (सरकार कुठलेही असो!) पण ‘दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून द्या’ म्हणून पैसे मात्र मिळाले. म्हणजे जोड-दुर्बीण ही दुर्बिणीची जवळजवळ जुळी बहीणच म्हणायची.

पुढे १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. हे चंद्र गुरूच्या सावलीत शिरतात आणि बाहेर येतात ते वेळापत्रकाप्रमाणे. गॅलिलिओच्या लक्षात आले, की आकाशात हे फुकटचे घड्याळ टांगलेले आहे. भर समुद्रात हे घड्याळ वाचता आले, तर घरची वेळ कळेल; घरच्या आणि जहाजावरच्या वेळेत एका तासाचा फरक म्हणजे १५ अंश रेखांश; म्हणजे आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते कळेल.

ही चैन नव्हती, बरे का. आपण कुठे आहोत हे न कळल्यामुळे माणसे मरत होती. १७०७ साली इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आपटली आणि दीड-दोन हजार माणसे घराच्या इतक्या जवळ येऊन बुडाली.

अडचण एकच होती : जहाज डोलते. गुरू दुर्बिणीत आला आला म्हणेपर्यंत निघून जातो. यावर गॅलिलिओने १६१७ च्या सुमारास एक शिरस्त्राण तयार केले. त्याला डोळ्यापुढे दुर्बीण जोडलेली. लिव्होर्नोच्या बंदरात त्याची चाचणीही झाली. तेवढ्याने भागेना, तेव्हा पाहणाऱ्यालाच तरंगत ठेवण्याची कल्पना त्याने मांडली. जहाजात हौद, हौदात तेल, तेलात वाटी, वाटीत माणूस आणि माणसाच्या डोळ्याला दुर्बीण! लोणच्याची फोडसुद्धा इतक्या बंदोबस्तात नसते.

स्पेनच्या दरबारात त्याची डाळ शिजली नाही. हॉलंडच्या सरकारने मात्र सोन्याची साखळी देऊ केली. ती त्याने घेतली नाही. ते साल होते १६३८. तोवर तो नजरकैदेत होता आणि त्याचे दोन्ही डोळे गेले होते. समुद्रावरच्या प्रत्येकाला दिसावे म्हणून पंचवीसेक वर्षे खटपट करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा शेवट यावा, इथे मात्र माझा विनोद थांबतो.

१७१४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने रेखांशासाठी २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावले. २०,००० पौंड म्हटल्यावर कोणाची कल्पनाशक्ती जागी होणार नाही? ख्रिस्तोफर आयर्विन नावाच्या गृहस्थांनी जहाजावर न डोलणारी खुर्ची तयार केली. १७६३ साली नेव्हिल मॅस्केलिन हे ज्योतिर्विद बार्बाडोसला जाताना त्या खुर्चीत बसले आणि ती निरुपयोगी असल्याचा अहवाल देते झाले. रेखांशाचा प्रश्न अखेर सुटला तो जॉन हॅरिसन या सुताराच्या घड्याळाने. खुर्ची जिथल्या तिथे राहिली. खुर्च्यांचे हे असेच असते.

त्यानंतर दुर्बीणवाल्यांनी समुद्राशी तडजोड केली. आरमारी दुर्बीण सात पटींचीच ठरली, कारण सात पट मोठे दिसते तेव्हा हाताचा कंपही सात पट मोठा होतो. मुद्दल वाढवायचे तर देणेही त्याच पटीत वाढणार. जास्त हाव धरणाऱ्याला काहीच दिसत नाही.

ही तडजोड मोडली ती १९९० नंतर. त्या साली जर्मनीच्या झाइस कंपनीने बॅटरीविना चित्र स्थिर ठेवणारी २० पटींची दुर्बीण काढली. १९९५ साली जपानच्या कॅननने १२ पटींची, बॅटरीवर चालणारी. तसल्याच जातीची एक आमच्या मेहुण्यांनी परदेशातून आणली आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर त्यांनी ती माझ्या हाती दिली. प्राँग्जचे दीपगृह भोवऱ्यासारखे नाचत होते. मेहुणे म्हणाले, “भावोजी, वरचं बटण दाबा.” बटण दाबले मात्र, आणि दीपगृह हेडकॅशियरसारखे जागच्या जागी बसले! लाँच हलत होती, मी हलत होतो, शेजारच्या बाईंच्या मांडीवरचे मूल तर विशेषच हलत होते. हलत नव्हते ते फक्त दीपगृह.

आत काय असते? कॅननच्या त्या दुर्बिणीत काचेच्या दोन चकत्या, मध्ये लवचीक भाता आणि त्यात पारदर्शक द्रव. दुर्बीण किती आणि कोणीकडे हलली हे संवेदक मोजतात आणि चकत्या लगेच तिरप्या होऊन प्रकाश तेवढाच उलट दिशेला वळवतात. डावीकडे जितके नावे, उजवीकडे तितकेच जमा. बाकी शून्य. अहो, ही तर दुनोंदी पद्धत! होडीची मोठी हेलपट अजूनही आपल्या पायांनीच सांभाळावी लागते. पण हाताच्या कंपाचे खाते मात्र पैन्‌पै जुळते.

आणि ही दुनोंदी पद्धत लुका पाचोली यांनी १४९४ सालीच व्हेनिसमध्ये ग्रंथात छापली होती, म्हणजे गॅलिलिओच्या जन्माआधी सत्तर वर्षे, त्याच्याच देशात. डोके धरून ठेवले, खुर्ची धरून ठेवली, माणूस तेलात ठेवला. पण हलणे हलू द्यावे आणि त्याची नोंद चोख ठेवावी, हे सुचायला पावणेचारशे वर्षे गेली. तेल मात्र म्हाताऱ्याने बरोबर ओळखले होते. फक्त ते माणसाखाली नव्हे, दोन काचांमध्ये घालायचे होते.

आज १२ पटींच्या अशा दुर्बिणीतून डुलत्या होडीवरूनही गुरूचे चंद्र दिसतात. आता रेखांश काढायला त्यांची गरज उरलेली नाही. पण ज्याच्याकडे ती दुर्बीण असेल, त्याने एकदा ते चंद्र पाहावेत. गॅलिलिओच्या नावे हे येणे चारशे वर्षे निघते आहे; कोणी तरी ते जमा करायला हवे.