ब्रेकने जिंकलेली शर्यत

मोटारींच्या शर्यतीचे नाव निघाले की सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते ते एंजिन. परंतु फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीचा इतिहास पाहिला, तर मोटार किती वेगाने धावते याइतकेच ती किती खात्रीने थांबते यालाही मोल असते, हे ध्यानात येते.

त्या मार्गावर सुमारे ६ किलोमीटरांचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी तीव्र वळण. रस्त्यावर कमावलेला वेग वळणाच्या तोंडाशी टाकून द्यावा लागे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना तिची उष्णता होते. ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता आतच कोंडे. ड्रम तापून प्रसरण पावे व शूपासून दूर सरे. लाइनिंगचे घर्षणही कमी होई. चालकाने पेडल कितीही जोराने दाबले तरी गाडी पुढेच जाई.

यावरचा उपाय जुनाच होता. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरावी, ही ती कल्पना. पण त्यांनी वापरलेले तांबे कर्कश आवाज करी, आणि कल्पना मागे पडली. पुढे विमानांच्या ब्रेकांवर काम करणाऱ्या डनलॉप कंपनीने जॅग्वारच्या साह्याने ती शर्यतीच्या गाडीवर आणली.

हे काम सोपे नव्हते. चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांनी गाडी पुनःपुन्हा पळवली आणि थांबवली. ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ होई आणि पेडल पोकळ लागे. तबकडी किंचित डगमगली तरी पॅड मागे ढकलले जात. एकेक दोष शोधून दूर करावा लागला. जून १९५२ मध्ये फ्रान्समधील रॅंस येथे स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेक लावलेली सी-टाइप जॅग्वार विजयी केली.

खरी कसोटी लागली १९५३ साली, ल मां येथे. अमेरिकेची कनिंगहॅम गाडी सरळ रस्त्यावर जॅग्वारपेक्षा वेगवान होती, पण तिचे ब्रेक ड्रमचे होते. तिला तिसरे स्थान मिळाले. पहिले, दुसरे आणि चौथे स्थान जॅग्वारने घेतले. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या विजयी गाडीचा सरासरी वेग ताशी १०५.८५ मैल होता. त्या शर्यतीत सरासरीने शंभर मैलांची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली. उशिरा ब्रेक लावता येतो म्हणूनच अधिक काळ वेगात राहता येते, हे सिद्ध झाले.

मात्र ब्रेक सुधारले तसा वेगही वाढत गेला, आणि रस्ता होता तसाच राहिला. ११ जून १९५५ रोजी तेथे थांब्याकडे वळणाऱ्या एका गाडीने ब्रेक लावला, मागची बाजूला झाली आणि तिच्यावर आदळलेली मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली. ८०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत कोणाही चालकावर ठपका आला नाही. तो अरुंद मार्गच या वेगाला अपुरा ठरला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनची डीएस मोटार पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावून अवतरली. शर्यतीसाठी घडवलेली विद्या अशा रीतीने कुटुंबाच्या गाडीत आली. आज घाटाच्या उतारावर ब्रेक खंबीर लागतो, त्यामागे त्या वर्षांची ही मेहनत आहे.