कोमट निष्ठा

इंग्रजी भाषेत ‘लाओडिशियन’ असे एक विशेषण आहे. रोजच्या बोलण्यात ते सहसा येत नाही. परंतु टॉमस हार्डी यांनी 1881 साली आपल्या एका कादंबरीच्या नावात ते योजले. आजच्या तुर्कस्तानात लाओडिसिया नावाचे एक प्राचीन, सधन नगर होते. तेथील ख्रिस्ती मंडळी श्रद्धेत ना धड ऊन ना धड गार, अशी कोमट राहिली, म्हणून बायबलच्या शेवटच्या ग्रंथात तिची कठोर निर्भर्त्सना केली आहे. तेव्हापासून धर्मात वा राजकारणात अर्ध्या मनाने वावरणाऱ्यास हे विशेषण लागले. आपल्याकडे अशा माणसास दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणतात. दोन्ही ठिकाणी तिरस्कार उघड आहे. तो कितपत न्याय्य, हे तपासून पाहण्यास आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींना एक स्थळ अगदी हाताशी आहे. ते म्हणजे हिंदुराव.

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर आज महापालिकेचे हिंदुराव रुग्णालय आहे. तेथे रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, हे नाव एका मराठी सरदाराचे आहे. हिंदुराव हे कागलकर सर्जेराव घाटगे यांचे पुत्र आणि बायजाबाई शिंदे यांचे बंधू. बायजाबाईंचा विवाह 1798 साली पुण्यात दौलतराव शिंद्यांशी झाला. दौलतराव 1827 साली निपुत्रिक वारले. बाईंनी जनकोजीला दत्तक घेऊन राज्यकारभार स्वतः चालविला. पुढे मायलेकांत बेबनाव झाला आणि 1833 साली फौजेच्या उठावामुळे बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. कंपनी सरकारने त्यांची बाजू घेतली नाही. बहिणीची सत्ता गेली, तसा भावाचाही ग्वाल्हेरीतील आधार तुटला. हिंदुराव दिल्लीस येऊन राहिले. दिल्लीचा इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर 1835 साली मारला गेल्यावर त्याचा टेकडीवरील बंगला त्यांनी घेतला.

या गृहस्थाने निष्ठा कोणाशी ठेवावयाची होती? ग्वाल्हेरच्या गादीशी म्हणावे, तर त्या गादीने त्यांच्या बहिणीस घालवून दिले होते. इंग्रजांशी म्हणावे, तर त्यांनी ऐन वेळी पाठ फिरविली होती. आणि तरीही त्यांच्याच छत्राखाली राहणे भाग होते. बादशहाशी म्हणावे, तर लाल किल्ल्यातील त्या वृद्धाजवळ मान होता, सत्ता नव्हती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठी सरदारांच्या राजनीतीत निष्ठा ही एकपदरी वस्तू कधीच नव्हती. महादजी शिंदे पेशव्यांचे सरदार होते, आणि 1784 साली बादशहाकडून वकील-इ-मुतलकी मिळवून त्याच्या नावाने दिल्लीचा कारभारही पाहात होते. सातारच्या छत्रपतींचे नाव त्याहीवर होतेच. यात कोणास अप्रामाणिकपणा वाटला नाही. 1803 साली इंग्रजांनी दिल्ली घेतली; मग हळूहळू एकच धनी आणि एकच प्रश्न उरला : तू आमचा की शत्रूचा?

1857 साली या प्रश्नास उत्तर देण्याची पाळी ग्वाल्हेरवर आली, तेव्हा तेथे जे घडले ते बोधप्रद आहे. ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची फौज 1844 च्या तहान्वये उभी होती. पगार शिंद्यांच्या तिजोरीतून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. ती 14 जून रोजी उठली. तरुण जयाजीराव शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी तिला ना सामील होऊन, ना उघड मोडून, आश्वासनांवर आणि पैशावर कित्येक महिने जागीच थोपवून धरले. अखेर तात्या टोपे यांनी तिला कानपूरच्या लढाईत नेले. 1 जून 1858 रोजी जयाजीराव उठाववाल्यांवर चालून गेले, तेव्हा त्यांचीच बहुतेक फौज पलीकडे मिळाली आणि त्यांना आग्र्यास पळावे लागले. इंग्रजांनी त्यांना एकनिष्ठ म्हणून गौरविले; मात्र ग्वाल्हेरचा किल्ला 1886 पर्यंत आपल्याच ताब्यात ठेवला. ज्यांच्यासाठी निष्ठा पाळली, त्यांनीही ती पुरती ऊन मानली नाही, आणि देशबांधवांनी तर ती कधीच क्षमा केली नाही.

हिंदुराव या कसोटीपूर्वीच वारले होते. त्यांच्या बंगल्यास मात्र पक्ष घ्यावा लागला. 8 जून 1857 पासून 14 सप्टेंबरच्या हल्ल्यापर्यंत इंग्रजांचे टेकडीवरील सर्वांत महत्त्वाचे ठाणे तेथेच होते. मेजर रीड याच्या सिरमूर पलटणीतील 490 गुरख्यांपैकी 327 तेथे मेले वा जखमी झाले. ज्या घराण्याने दिल्लीचा कारभार पाहिला, त्याच्या सोयऱ्याचे घर दिल्ली पाडण्याच्या कामी आले!

त्याच टेकडीवर इंग्रजांनी 1863 साली लाल दगडाचा विजयस्तंभ उभारला. त्यावर आपल्या बाजूने पडलेल्यांची नोंद करून समोरच्यांना शत्रू म्हटले. 1972 साली स्वतंत्र भारताने त्याला अजितगढ हे नाव दिले, आणि तो ‘शत्रू’ म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध लढलेले वीर होत, असा खुलासा करणारी शिला बसविली. ती दुरुस्ती न्याय्यच होती. परंतु दोन्ही लेखांत ऊन आणि गार यांनाच जागा आहे, कोमटांना नाही.

आम्ही डळमळत्या निष्ठेचे गोडवे गात नाही. झाशीच्या राणीने ग्वाल्हेरच्या रणात देह ठेवला, तिच्यापुढे जयाजीरावांची सावधगिरी फिकीच पडते. तथापि निष्ठा कोमट का होते, हे न पाहता तिचा धिक्कार करणे सोपे आहे. जेथे प्रत्येक धन्याने एकदा दगा दिलेला असतो, तेथे अर्धे मन हा नेहमीच भित्रेपणा नसतो. कधी ती सोसलेल्या अनुभवाची खूण असते. जो निष्ठा मागतो, त्याने प्रथम ती मिळविण्यासारखे वागावे, एवढाच हिशेब हिंदुरावांचे चरित्र आपल्यापुढे मांडते. विजयस्तंभावर ज्यांना जागा नाही, त्यांच्यापैकी एकाचे नाव आज दिल्लीकर रोज घेतात, आणि तेही आजाऱ्याला बरे करण्याच्या आशेने, यात आम्हांस तरी समाधान वाटते.